जुनं उकरून काय मिळतं? सायकोडायनॅमिक थेरपीबद्दलच्या एका प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता: "वय ४६, चिपळूणजवळ राहतो, नोकरी करतो. प्रत्येक नव्या साहेबाशी सुरुवातीला माझं इतकं जमतं की ऑफिसात चर्चा होते. वर्षभरात काहीतरी बिनसतं आणि बोलणंच बंद होतं. दोनदा बदली मागून घेतली. वडील मुंबईत गिरणीत होते, संपानंतर मी चार वर्षांचा असताना कायमचे गावी आले. विचार बदलण्याचं समुपदेशन घेतलं, चिडचिड कमी झाली, पण हे चक्र थांबलं नाही. तेही मध्येच सोडलं. आता डॉक्टरांनी सायकोडायनॅमिक थेरपी सुचवली आहे. अबोध मन खरंच असतं का? जुनं उकरून काय मिळणार? शेवटी सगळं आईवडिलांवरच ढकलायचं ना? माझे वडील आता हयात नाहीत."

तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. त्याबद्दल पुढे लिहिते, आधी मधल्या प्रश्नाचं उत्तर.

या उपचारात भूतकाळाच्या मागे धावावं लागत नाही. तो आपणहून येतो. तुम्ही साहेबासमोर उभे राहता तेव्हा आलेला असतो, बायकोने उलट उत्तर दिलं की येतो, आणि थेरपिस्टच्या समोरच्या खुर्चीत बसलात की तिथेही येतो. लहानपणी जवळच्या माणसांशी जसं वागायची सवय लागली, तसंच आपण पुढच्या माणसांशी वागत राहतो आणि आपल्याला ते कळत नाही. ते घडत असताना, त्याच क्षणी, दोघांनी मिळून बघणं हे या उपचाराचं खरं काम. बाकीचं सगळं, स्वप्नं असोत की बालपणीच्या आठवणी, त्या बघण्याला मदत म्हणून येतं.

आता अबोध मन असतं का. एक जुना प्रयोग सांगते. १९११ मध्ये जिनिव्हातल्या एदुआर क्लापारेद या डॉक्टरांनी एका स्त्रीबद्दल लिहून ठेवलं आहे. तिच्या मेंदूच्या आजारामुळे नवीन काही लक्षात राहत नसे. रोज भेटणारे डॉक्टरही तिला दर वेळी नवखेच वाटत. एकदा क्लापारेदांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. पुढे त्यांनी हात पुढे केला तेव्हा तिने आपला हात मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. हे डॉक्टर आधी भेटल्याचं तिला आठवत नव्हतं, टाचणीही आठवत नव्हती. हाताला मात्र माहीत होतं. तिचा मेंदू आजारी होता, आपला नाही, हा फरक आहेच. पण शिकलेलं सगळं आठवणीच्या रूपातच राहतं असं नाही, हे त्यातून दिसतं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला घरातल्या आवाजांवरून, चेहऱ्यांवरून, कोण कधी जवळ घेतं आणि कधी झिडकारतं यावरून जे कळतं, ते शब्दांत साठत नाही. ते वागण्यात उतरतं.

व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडने ही गोष्ट उपचाराच्या केंद्रस्थानी आणली. योसेफ ब्रॉयर या ज्येष्ठ सहकाऱ्याबरोबर १८९५ मध्ये त्याने रुग्णांच्या हकिकती प्रसिद्ध केल्या. त्यातल्या एका तरुणीने या पद्धतीला स्वतःच 'बोलण्याचा उपचार' असं नाव दिलं होतं. आपल्याकडेही हा विचार फार लवकर पोहोचला. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, फ्रॉइडशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. फ्रॉइडची बरीच मतं आज कोणी जशीच्या तशी मानत नाही, मीही मानत नाही. मूल आणि सांभाळणारी माणसं यांच्या नात्याचा पुढे मेलनी क्लाइन, विनिकॉट, बोल्बी यांनी जो अभ्यास केला, त्यावर आजची थेरपी जास्त उभी आहे. कोचावर झोपून आठवड्यातून चार-पाच वेळा बोलायचं, ते मूळ मनोविश्लेषण. तुम्हाला सुचवलेला उपचार समोरासमोर बसून, बहुधा आठवड्यातून एकदा होतो.

जे सहन होत नाही ते मन जाणिवेबाहेर ठेवतं. ते कसं ठेवतं याच्या तऱ्हा फ्रॉइडची मुलगी आना हिने १९३६ मध्ये नीट मांडल्या. आपल्याकडची उदाहरणं घ्या. जमिनीच्या वाटण्यांवरून थोरल्या भावाचा संताप आलेला माणूस त्याच्याशी नको इतका अदबीने वागतो, आणि ती अदब खोटी नसते, त्याला संताप जाणवतच नाही. ऑफिसात बोलणी खाल्लेला गडी घरी येऊन आमटीत मीठ कमी म्हणून ताट सरकवतो. मुलगा मुंबईला गेला त्याचं काहीच वाटलं नाही म्हणणाऱ्या आईचे गुडघे त्याच आठवड्यात धरतात. जांभ्यात मुरलेलं पाणी जसं डोंगराच्या दुसऱ्याच कुशीत झरा होऊन निघतं, तशी ही भावना भलतीकडे निघते. या संरक्षणांना मी वाईट म्हणत नाही. लहानपणी त्यांनीच तगवलेलं असतं. अडचण एवढीच, की गरज संपली तरी ती चालू राहतात.

प्रत्यक्षात काय होतं? ठरलेला वार, ठरलेली वेळ, साधारण ५० मिनिटं. मनात येईल ते बोलायचं, क्षुल्लक वाटलं तरी, लाज वाटली तरी, माझ्याविषयी काही वाईट मनात आलं तरी. ऐकायला सोपं वाटतं, करायला फार अवघड जातं. मी सल्ले क्वचित देते, यावर नवीन आलेली माणसं वैतागतात. आपल्याकडे मोठ्या माणसाकडे जायचं ते 'काय करू ते सांगा' म्हणून. पण मी लगेच सांगून टाकलं, तर मी तुमच्या आयुष्यातली आणखी एक सांगणारी व्यक्ती होते, आणि तुम्ही सांगणाऱ्या माणसांशी कसे वागता हे बघायचं राहून जातं.

एक हकिकत सांगते. ती एका व्यक्तीची नाही. काही जणींचं एकत्र करून, ओळख पुसून लिहिते आहे.

वेंगुर्ल्याकडची चाळिशीची बाई. नवरा बोटीवर, सहा-सात महिने बाहेर. दर वर्षी गणपती गेले की तिचं डोकं दुखायला लागे, ते थेट दिवाळीपर्यंत. डोळे तपासले, मेंदूच्या डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. देवळात कौल लावून झाला होता, सांगितलेला विधीही केला होता. त्यानंतर काही महिने बरं वाटलं असं ती म्हणाली, आणि ते खरंच वाटलं असणार. दुसरी तक्रार तिने ओझरती सांगितली: नवरा बोटीवर जायच्या दोन दिवस आधी कशावरून तरी कडाक्याचं भांडण होतं. कधी कौलं शाकारण्यावरून, कधी सासूच्या औषधावरून. तो गेला की हायसं वाटतं. मग डोकं.

तिचे वडील मुंबईत नोकरीला होते. वर्षातून दोनदा यायचे, मे महिन्यात आणि गणपतीला. हे तिने पहिल्याच भेटीत सांगितलं, कोरड्या आवाजात. "सगळ्यांचेच असत तसे." खरंच आहे, आपल्या अर्ध्या कोकणाचे वडील तसेच होते. त्या वेळी मी तिला 'वडील सोडून जायचे म्हणून नवऱ्याशी भांडता' असं म्हटलं असतं, तर तिने मान डोलावली असती, आणि काहीही बदललं नसतं.

काही महिने गेले. मी दोन आठवडे बाहेरगावी जाणार होते, ते तिला आधीच सांगितलं. ती हसली. "जावा की मॅडम, माझा काय्येक अडणा नाय." पुढच्या वेळी वीस मिनिटं उशिरा आली, एसटी चुकली म्हणाली. त्याच्या पुढच्या वेळी माझ्यासाठी कापडी पिशवी घेऊन आली. आत कुळथाचं पीठ आणि कोकमं, तोंडाला सुतळीची दुहेरी गाठ. "प्रवासात असूंदे."

रुग्णाकडून वस्तू घ्यावी की नाही यावर आमच्या व्यवसायात बरीच चर्चा होते. मला ती का आली हे जास्त महत्त्वाचं वाटतं. मी विचारलं, पिशवी भरताना काय मनात होतं? "काय नाय. सवय." मग तिची नजर त्या गाठीवरून हलेना. वडील निघायचे त्या दिवशी पिशवी आई भरायची आणि तोंड बांधायचं काम हिचं. एकदा तिने गाठ इतकी घट्ट मारली, की वडिलांना मुंबईत पिशवी फाडावी लागली. त्यांनी पत्रात तसं लिहिलं, घरात सगळे हसले. हे सांगताना तीही हसत होती. हसता हसता तिचा चेहरा बदलला. "माका तेंचो राग येय, मॅडम. जाताना राग येय."

एवढ्या वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली होती. लहानपणी रडायला लागली की आई म्हणायची, बाबांका वाईट वाटात, रडा नको. रडायचं नाही, मग रागावणं तर दूरच. पैसे पाठवणाऱ्या बापावर कसं रागवायचं?

मी एवढंच म्हटलं, "आणि आता मीही पिशवी घेऊन दोन आठवडे जाणार." ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "जाव नको असा म्हणाक येणा नाय मा."

जी भावना वडिलांविषयी होती ती आता माझ्याविषयी, या खोलीत जागी झाली होती. याला ट्रान्सफरन्स म्हणतात. वडिलांच्या वेळी ती बोलता आली नव्हती. माझ्याजवळ ती बोलली, मला वाईट वाटलं तर वाटलं, पण मी कोसळले नाही, तिला ओरडले नाही, आणि ठरल्या दिवशी परत आले. तिच्या मनातल्या जुन्या नियमाला, की जाणाऱ्याला काही म्हटलं तर तो दुखावेल आणि परत येणार नाही, पहिला तडा तिथे गेला. मी समजावून सांगितल्याने तो गेला नसता.

पुढे काय झालं ते खरं सांगते. डोकं लगेच थांबलं नाही. त्या वर्षी गणपतीनंतर दुखलंच, फक्त कमी दिवस. नवऱ्याशी त्या खेपेलाही भांडण झालं, पण अर्ध्यावर ती थांबली आणि म्हणाली, तुम्ही जाता त्याचा मला राग येतो. तो बिचारा चकित झाला, आणि मग त्यानेही सांगितलं की निघताना त्याच्या पोटात गोळा येतो. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. त्यानंतरही तेच चक्र वेगवेगळ्या रूपांत पुनःपुन्हा आलं, कधी शाळेतल्या सहकारी बाईंच्या बाबतीत, कधी पुण्याला शिकायला निघालेल्या मुलीच्या बाबतीत. फ्रॉइडने १९१४ च्या एका निबंधात म्हटलं आहे की माणूस विसरलेलं आठवत नाही, ते कृतीतून पुन्हा करतो, आणि कळल्यानंतरही त्यातून परत परत जावं लागतं. माझ्या अनुभवात उपचाराचा बहुतेक वेळ या परत परत जाण्यातच जातो. म्हणून तो लांबतो.

आता तुमच्याकडे येते. पत्रावरून निदान करता येत नाही, करूही नये. पण तुमचं वाचून माझ्या मनात एक प्रश्न आला, तो मांडते. पटला नाही तर सोडून द्या. चार वर्षांच्या मुलासाठी मुंबईहून येणारे वडील हा सण असतो. खाऊ, नवे कपडे, खांद्यावर बसून वाडीभर मिरवणं. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि त्यातले असंख्य आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातले. जे कायमचे परतले ते रिकाम्या हाताने परतले. मुलाला संप कळत नाही. त्याला एवढंच दिसतं, की सणासारखे बाबा आता रोज पडवीत बसलेले असतात, बोलत नाहीत, आणि कधी कशावरून भडकतील सांगता येत नाही. दर नव्या साहेबाला तुम्ही आधी डोक्यावर घेता आणि वर्षभरात तो तुमच्यासाठी कोसळतो, त्याचा याच्याशी काही संबंध असेल का? असेल, नसेल. याचं उत्तर मला देता येणार नाही, ते तुमच्या थेरपीत सापडेल.

यात वडिलांवर ढकलण्यासारखं काय आहे? माझा अनुभव उलटा आहे. जोपर्यंत राग कळत नाही, तोपर्यंत वडील एक तर देव असतात नाही तर छळवादी. राग बोलून झाला, की मागे एक माणूस दिसायला लागतो: गिरणगावात दहा-बारा जणांच्या खोलीत राहिलेला, पाळीप्रमाणे झोपलेला, तिशी-पस्तिशीत हातचं काम गेलेला. त्याचं दुःख कळतं. आणि ते आता हयात नाहीत म्हणून यातलं काही थांबत नाही. गेलेल्या माणसाशी असलेलं नातंही मनात बदलू शकतं, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. तुम्ही ते वाक्य शेवटी लिहिलंत, त्यात माया आहे असं मला वाटलं. रागाबद्दल बोललात तर ती माया कमी होणार नाही.

आधी घेतलेल्या समुपदेशनाला कमी लेखू नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, विचार बदलून भावना बदलायला शिकवणारी विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांना चांगली ठाऊक आहे, आणि अनेकांना ती पुरते. एलिस स्वतः आधी मनोविश्लेषणच शिकले होते. मनोविश्लेषणाच्या संथपणाला कंटाळून त्यांनी १९५५ च्या सुमारास आपली वाट काढली. त्यांची तक्रार निराधार नव्हती. एखादी ठरावीक भीती, पॅनिकचे झटके, पुनःपुन्हा हात धुण्यासारखा मंत्रचळ, यांच्यासाठी मी आजही आधी विचार-वर्तनावरचे उपचार आणि गरजेप्रमाणे औषधंच सुचवते. भास होत असतील, उन्माद असेल, दारू सुटत नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर पहिली पायरी मानसोपचारतज्ज्ञ. अशा वेळी थांबू नये. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन विनाशुल्क आहे. पण माणसं बदलतात, जागा बदलतात आणि गोष्ट तीच घडते, अशी जिथे तक्रार असते तिथे सायकोडायनॅमिक उपचाराचा उपयोग जास्त.

पुरावा आहे का, तर आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकने २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. औषधांनी आणि इतर उपचारांनी बरं न वाटलेले, वर्षानुवर्षं नैराश्य असलेले १२९ रुग्ण. काहींना नेहमीचे उपचार, काहींना त्यांच्या जोडीला दीड वर्ष दर आठवड्याला या जातीची थेरपी. थेरपी संपली तेव्हा पूर्ण बऱ्या झालेल्यांत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. फरक दिसला तो त्यानंतर दोन वर्षांनी: थेरपी घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोक तीव्र नैराश्याच्या निकषांतून बाहेर होते, दुसऱ्या गटात १० टक्के. उपचार थांबल्यावरही काम चालू राहतं, हे मी माझ्या खोलीत पाहते त्याच्याशी ते जुळतं. अर्थात ५६ टक्के बाहेर आले नाहीत, हेही तितकंच खरं.

थेरपिस्ट निवडताना शिक्षण आणि नोंदणी विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. या पद्धतीचं वेगळं प्रशिक्षण घेतलं आहे का, आणि स्वतःच्या कामावर कोणा ज्येष्ठाशी चर्चा करतात का, हेही विचारा. त्यात संकोच नको. पहिल्या-दुसऱ्या भेटीतच कोणी 'तुमच्यावर लहानपणी अमुक अत्याचार झाला, तुम्ही विसरलात' असं छातीठोकपणे सांगितलं, तर उठून या. आठवण जशीच्या तशी साठवलेली नसते, दर वेळी नव्याने जुळवली जाते, आणि सुचवण्याने खोट्या आठवणीही तयार होतात. हे वारंवार सिद्ध झालं आहे. चांगला थेरपिस्ट तुमच्या आधी पोहोचायची घाई करत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते, कोणाची गाडी कुठे उभी आहे हे सगळ्या गावाला कळतं. माझ्याकडे येणारे काही जण म्हणूनच ऑनलाइन बसतात, आणि घरात बंद दाराची खोली नसते म्हणून आंब्याच्या बागेत गाडी लावून, काचा वर करून बोलतात. रेंज मिळाली तर तेही चालतं. तुमची माहिती गुप्त राहणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. अगदी मोजके अपवाद सोडले, तर ती घरच्यांनाही परस्पर देता येत नाही. झोपेच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर थेरपी सुरू झाली म्हणून स्वतःहून बंद करू नका.

शेवटची गोष्ट. आधीचं समुपदेशन मध्येच सोडलं, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. नव्या थेरपिस्टला ते पहिल्याच भेटीत सविस्तर सांगा: आधी ती व्यक्ती किती चांगली वाटली होती, कधी खटकली, कशावरून, आणि तुम्ही कसे निघालात. हे नव्या ठिकाणीही घडणार आहे. काही महिन्यांनी एक दिवस असा येईल, की ही व्यक्तीही इतरांसारखीच निघाली असं वाटेल, मन विटेल आणि मेसेज पाठवून मोकळं व्हावंसं वाटेल. त्या आठवड्यात मात्र जा. समोर बसा आणि म्हणा, "मला तुमचा राग आला आहे, मला यायचं नव्हतं." कोणत्याही साहेबाला तुम्ही हे आजवर म्हटलेलं नाही. पुढचं बोलणं तिथून होऊ द्या.